ताटातली अमानत

माझा भाचा पिशोरला बस स्टँडजवळ एक छोटे हॉटेल चालवतो. हॉटेल म्हणायचे एवढेच. सहा बाकडी, पुढे भट्टी आणि मागे पत्र्याचे शेड. सकाळी पोहे, भजी, चहा, दुपारनंतर बिर्याणी. आठवडी बाजाराच्या दिवशी तिसऱ्या प्रहरापर्यंत देग रिकामी होते. इतर दिवशी होतेच असे नाही. गेल्या वर्षी रमजानच्या आधी एका संध्याकाळी तो मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. त्याला फ्रिज घेण्यासाठी कर्ज काढायचे होते आणि बँकेने अन्न व्यवसायाच्या नोंदणीचे प्रमाणपत्र मागितले होते. "मामू, तुम्ही शिकलेले. तेवढा फॉर्म भरून द्या," म्हणाला.

फॉर्म काही अवघड नव्हता. नाव, पत्ता, फोटो, ओळखपत्र आणि वर्षाला शंभर रुपये. शेवटी मात्र एक घोषणा होती. कायद्याने घालून दिलेल्या स्वच्छतेच्या अटी मी पाळीन, अशा अर्थाची. तिच्यापुढे एक रिकामा चौकोन होता.

"बस, इथं टिक करा, मामू."

मी सहज विचारले, "रात्री उरलेली बिर्याणी कुठे ठेवतोस?"

तो हसला. "उरते कुठं?" मग थोडा थांबून म्हणाला, "उरलीच तर देगीतच राहते. सकाळी वाफ दिली की झालं. आपले बडे अब्बा असंच करायचे ना?"

माझे बोट त्या चौकोनावर थांबले. बडे अब्बांचे नाव त्याने सहज घेतले होते. त्यांच्या देगीची एक गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नव्हती.

बडे अब्बा आमच्या पंचक्रोशीतले नावाजलेले बावर्ची. कन्नडपासून सिल्लोडपर्यंत लग्नांना त्यांना बोलावणे यायचे. तीसेक वर्षांपूर्वी आमच्याच घरातल्या एका वलीम्यात सालनाची एक अख्खी देग उरली. उन्हाळ्याचे दिवस होते. रात्रभर ती देग मांडवात झाकून ठेवलेली होती. सकाळी बडे अब्बांनी मला झाकण उघडून बघायला सांगितले. मी उघडले. कडेने बारीक फेस आला होता आणि मसाल्याच्या वासाखाली दुसराच एक आंबूस वास होता. मी तेव्हा विशीतला. एवढ्या मोठ्या बावर्चीला 'हे बिघडलंय' कसे सांगायचे? मी म्हणालो, "ठीक आहे."

सालन कोमट केले गेले आणि शेजारच्या मळ्यात विहीर खोदणाऱ्या मजुरांना वाढले गेले. त्यांना दोन दिवस गोश्त मिळाले नव्हते, ते खुशीत जेवले. रात्री त्यांतल्या बहुतेकांना जुलाब सुरू झाले. एका मजुराची चार वर्षांची पोर दोन दिवस सलाइनवर होती. कुणी दगावले नाही, एवढी मेहेरबानी. बडे अब्बांनी स्वतःच्या खिशातून दवाखान्याचे पैसे भरले. तो माणूस वाईट नव्हता, दिलदार होता. सगळ्यांनी ठरवून टाकले की नवीन विहिरीचे पाणी लागले. मजुरांनीही मान डोलावली, कारण फुकट जेवू घालणाऱ्यावर आळ कोण घेणार? मी झाकण उघडले होते हे फक्त मला माहीत होते.

या प्रसंगात दोषी कोण, हा प्रश्न मला अजून सोडत नाही. ज्याला काही कळलेच नाही असा बावर्ची? ज्याला कळले पण जो बोलला नाही असा मी? की कुणीच नाही, कारण सगळ्यांची नियत साफ होती?

आपल्याकडे नियतीला, म्हणजे हेतूला, फार मोठे मोल आहे. कर्माचा हिशेब हेतूवर होतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ते खरेही आहे. पण अन्नाच्या बाबतीत एक अडचण आहे. देगीत जे घडते त्याला आपली नियत ठाऊक नसते. अन्नात काही जिवाणू असे असतात की उकळत्या पाण्यातही त्यांचे बीजाणू मरत नाहीत. मोठी देग आगीवरून उतरवली की बाहेरून थंड होते, पण तिचा मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. नेमक्या त्या कोमटपणात ते बीजाणू जागे होतात आणि रात्रभरात त्यांची संख्या अफाट वाढते. गोश्ताच्या रश्शात एक जात वाढते, शिजलेल्या भातात दुसरी. भातातल्या त्या जिवाणूने सोडलेले विष तर पुन्हा उकळूनही जात नाही. स्वयंपाक्याच्या बोटावर पिकलेली जखम असेल तर तिच्यातून अन्नात जाणाऱ्या जिवाणूचेही तसेच. म्हणून 'सकाळी वाफ दिली की झालं' हे वाक्य ऐकायला जितके निर्धास्त आहे तितकेच ते चुकीचे आहे.

यावर उपाय साधा आहे. गरम अन्न ६० अंश सेल्सियसच्या वर ठेवा, थंड अन्न ५ अंशांच्या खाली. मधल्या पट्ट्यात त्याला रेंगाळू देऊ नका. ठेवायचेच असेल तर उथळ भांड्यांत पसरून ६० वरून २१ अंशांपर्यंत दोन तासांत आणि तिथून ५ अंशांपर्यंत पुढच्या चार तासांत उतरवा. एवढे ज्ञान बडे अब्बांकडे नव्हते. त्यांच्या उस्तादांकडेही नव्हते. आमच्या औरंगाबादचा नान-खलिया तुघलकाच्या फौजेसाठी मोठमोठ्या देगींत शिजायचा असे सांगतात. फौज मोठी, भूक मोठी. त्या देगी तिथल्या तिथे रिकाम्या होत असाव्यात. देगीची परंपरा ही मुळात शिजताच वाढण्याची परंपरा आहे. शिळे ठेवून विकणे ही नंतरची, गल्ल्याची गरज आहे.

आता अमानतीचा विचार करू. शेजाऱ्याने विश्वासाने आपल्याकडे दागिना ठेवायला दिला आणि तो हरवला, तर आपल्या शास्त्रकारांनी विचारलेला प्रश्न फार नेमका आहे: सांभाळणाऱ्याकडून हलगर्जीपणा झाला का? पुरेशी काळजी घेऊनही वस्तू गेली असेल तर तो निर्दोष. दार उघडे टाकून झोपला असेल तर त्याने 'माझ्या मनात वाईट नव्हते' असे म्हणून भागत नाही. हॉटेलात येणारा माणूस यापेक्षा मोठी गोष्ट आपल्या हवाली करतो. तो आपले शरीर हवाली करतो, आणि तेही आपले स्वयंपाकघर न बघता. आपण कोण, भांडी कशात धुतो, पाणी कुठून आणतो, यातले काहीही त्याला माहीत नसते. भुकेपोटी आणि विश्वासापोटी तो घास तोंडात घालतो. माणसाने माणसावर टाकलेला एवढा आंधळा विश्वास दुसऱ्या कुठल्या व्यवहारात क्वचितच दिसेल.

मग हलगर्जीपणा कशाला म्हणायचे? जे ज्ञान उपलब्धच नव्हते ते नसणे हा दोष नाही. पण ज्ञान दारापर्यंत आले आणि आपण दार उघडले नाही, तर तिथून दोष सुरू होतो. बडे अब्बांना मी या कसोटीवर माफ करू शकतो. हातात मोबाइल असलेल्या माझ्या भाच्याला नाही. आणि त्या सकाळी नाकाला वास येऊनही गप्प बसलेल्या मला तर मुळीच नाही.

आपल्या देशाच्या कायद्यानेही काहीसा असाच प्रवास केलेला दिसतो. १९५४ साली झालेल्या कायद्याच्या नावातच 'भेसळ' हा शब्द होता. दुधात पाणी, मिरचीत विटेची भुकटी असे प्रकार त्याच्या नजरेसमोर होते. २००६ साली संसदेने अन्न सुरक्षा आणि मानके कायदा केला आणि ५ ऑगस्ट २०११ पासून त्याचे नियम लागू झाले. या कायद्याच्या नावात 'सुरक्षा' आली. शब्दातला हा बदल मला नैतिकदृष्ट्या मोठा वाटतो. भेसळ करणारा मनात काळेबेरे ठेवून असतो. असुरक्षित अन्न मात्र अगदी सज्जन माणसाच्या हातूनही तयार होते. खराब हेतू नसलेल्या माणसालाही जाब विचारायचा, ही नव्या कायद्याची दिशा आहे.

त्यातल्या दोन गोष्टी आपल्या वाचकांनी लक्षात घ्याव्यात. २०११ च्या नियमांनी वर्षाला बारा लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या हातगाडीवाल्याला, टपरीवाल्याला, छोट्या हॉटेलवाल्याला परवान्याऐवजी साध्या नोंदणीची मुभा दिली. अर्ज आल्यावर अधिकाऱ्याने सात दिवसांत निर्णय घ्यायचा किंवा तपासणीची नोटीस द्यायची. तपासणी सांगून तीस दिवसांत ती झालीच नाही, तर व्यवसाय सुरू करता येतो. म्हणजे पिशोरच्या बस स्टँडपर्यंत कुणी अधिकारी न येताही भाच्याच्या भिंतीवर प्रमाणपत्र लागू शकते. अन्न व औषध प्रशासनाचे कार्यालय जिल्ह्याच्या गावी, आणि जिल्हा एवढा पसरलेला. अशा वेळी त्या प्रमाणपत्रामागे शिल्लक काय राहते? फक्त तो चौकोन आणि त्यात केलेली खूण. छोट्या माणसावर विश्वास ठेवून कायद्याने त्याला त्याच्याच जबानीवर सोडले आहे. त्या खुणेला म्हणूनच मी कागदी औपचारिकता मानू शकलो नाही. ती शपथ आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. या कायद्याच्या व्याख्येत अन्न व्यवसाय नफ्यासाठी असो वा नसो, तो अन्न व्यवसायच आहे. धार्मिक किंवा सामाजिक मेळाव्यात अन्न वाटणाऱ्यांचाही नियमांत उल्लेख आहे. 'आम्ही कुठे पैसे घेतले?' हा बचाव तिथे टिकत नाही. मला तो नैतिकदृष्ट्याही टिकू नये असे वाटते. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्याच मराठवाड्यात, नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात कोष्टवाडीला, प्रसाद खाऊन सुमारे दोन हजार माणसे आजारी पडली. त्याच महिन्यात बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात सोमठाण्याला सप्ताहातली भगर-आमटी खाऊन दोनशेहून अधिक लोकांना त्रास झाला. दवाखान्यात जागा नव्हती म्हणून झाडांना दोऱ्या बांधून त्यांवर सलाइनच्या बाटल्या टांगल्या आणि रस्त्यावरच उपचार झाले. ती छायाचित्रे अनेकांनी पाहिली असतील. ओलसर जागी साठवलेल्या भगरीवर बुरशी वाढते आणि तिचे विष पोटात जाते, असे अन्न व औषध प्रशासन उपवासाच्या दिवसांत दरवर्षी सांगत असते. वाढणाऱ्यांची भक्ती खरी होती, यात शंका नाही. बडे अब्बांची दिलदारीही खरीच होती. सप्ताहाचा प्रसाद असो, उरसाचा लंगर असो की मोहरमचा खिचडा, फुकट वाढले म्हणून खाणाऱ्याचे शरीर स्वस्त होत नाही. उलट फुकटचे खाणारा माणूस तक्रार करत नाही, म्हणून त्याच्या बाबतीत जबाबदारी वाढते.

इथे आपल्या समाजाबद्दल थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. आपण पाटी वाचणारे लोक आहोत. परगावी गेलो की आधी हॉटेलवरचे नाव बघतो, 'हलाल' लिहिले आहे का ते बघतो आणि निर्धास्त होतो. 'आपला माणूस आहे' एवढ्यावर स्वयंपाकघराची चौकशी संपते. पण आपल्या धर्मग्रंथात अन्नाबद्दल बोलताना हलालच्या जोडीला दुसरा एक शब्द येतो: तय्यब. चांगले, शुद्ध, निर्मळ. पहिल्या शब्दावर आपण फतवे मागवले, वाद घातले, पाट्या रंगवल्या. दुसरा शब्द फळीवर ठेवून दिला. जनावर कसे कापले हे आपण विचारतो. कापल्यानंतर ते गोश्त मे महिन्याच्या उन्हात किती तास टांगलेले होते, हे विचारत नाही. ज्या फडक्याने बाकडे पुसले त्याच फडक्याने पोराने ताटली पुसली, तर ते आपल्याला दिसते आणि आपण जेवत राहतो. रीतीने हलाल असलेले अन्न माणसाला आजारी पाडत असेल, तर ते तय्यब कसे राहिले? नियमातले अर्धे पाळून पुऱ्याचे समाधान मिळवण्याची ही सवय आपल्याला इतर बाबतींतही आहे. ताटात ती जीवघेणी ठरू शकते, एवढाच फरक.

पैगंबर साहेबांचा बाजारातला प्रसंग आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. धान्याच्या ढिगाऱ्यात त्यांनी हात घातला, तर वरचे धान्य कोरडे आणि आतले ओले. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग भिजलेले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे त्यांनी त्याला विचारले. या प्रसंगात माझे लक्ष नेहमी त्या हाताकडे जाते. विक्रेता आपलाच होता, ओळखीचा असेल. तरीही त्यांनी ढिगाऱ्यात हात घातला. तपासणे हा अविश्वास नाही. ज्याला आत हात घालता येत नाही अशा गिऱ्हाइकाच्या वतीने कुणीतरी हात घालणे, हेच तपासनिसाचे काम.

पण तपासणीच्या नावाखाली दुसरेच काही होऊ लागते, तेव्हा काय? हा प्रश्न टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २०२४ च्या जुलैमध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरच्या हॉटेलवाल्यांना मालकांची नावे ठळक लावण्याचे फर्मान निघाले. २२ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. अन्न कोणत्या प्रकारचे आहे हे लिहायला सांगता येईल, मालकाचे आणि नोकरांचे नाव लिहायची सक्ती करता येणार नाही, असा त्याचा आशय होता. पुढच्या वर्षी, २२ जुलै २०२५ रोजी, त्याच न्यायालयाने यात्रामार्गावरच्या हॉटेलांनी कायद्यानुसार परवाना आणि नोंदणी प्रमाणपत्र लावावे, असे सांगितले आणि इतर वादांत जाणे टाळले. आपल्या महाराष्ट्रातही मार्च २०२५ मध्ये एका मंत्र्यांनी हिंदू खाटिकांच्या झटका मांसाच्या दुकानांसाठी 'मल्हार' प्रमाणपत्राची घोषणा केली आणि त्यावर बराच वाद झाला.

खाणाऱ्याला आपल्या श्रद्धेप्रमाणे अन्न निवडण्याचा हक्क आहे, तो मला मान्य आहे. शाकाहारी माणसाला भांडे वेगळे हवे असेल तर ते मिळाले पाहिजे, तसेच हलाल हवे असणाऱ्यालाही. पण शिजवणाऱ्याच्या नावाने अन्न सुरक्षित किंवा असुरक्षित होत नाही. नाव वाचायला लावणारी व्यवस्था गिऱ्हाइकाचे लक्ष देगीवरून उडवून पाटीवर नेते. आणि दुखवणारी गोष्ट अशी की आपणही तेच करत आलो आहोत. ते आमचे नाव वाचून दुरून जातात, याचे आपल्याला वाईट वाटते. आपण आपले नाव वाचून आत शिरतो, याचे मात्र काही वाटत नाही. दोन्हीकडे स्वयंपाकघर न पाहिलेलेच राहते.

भाच्याने त्या संध्याकाळी माझ्याशी भरपूर वाद घातला, आणि त्याचे मुद्दे अगदीच टाकाऊ नव्हते. "मोठ्या हॉटेलांना कोण विचारतं, मामू? आम्हालाच पकडतात. आणि आमचं नाव बघून जरा जास्तच बघतात." असे होत असेल. होतही असते. कायदा हातात असलेला माणूस पक्षपात करू शकतो, पाकीट मागू शकतो. त्याविरुद्ध बोलले पाहिजे, लिहिले पाहिजे, कोर्टात गेले पाहिजे. पण अधिकारी अन्यायी आहे, यावरून कालची बिर्याणी आज चांगली ठरत नाही. अधिकाऱ्याशी असलेले भांडण आपण गिऱ्हाइकाच्या पोटात लढू शकत नाही.

मग तो म्हणाला, "गरिबाला हे सगळं परवडत नाही." मी त्याला विचारले, तुझ्याकडे जेवायला येते कोण? बाजाराला आलेला शेतकरी, कापूस वेचणाऱ्या बाया, उसाच्या गाडीवरचे मजूर, एसटी चुकलेला विद्यार्थी. यांतले कितीजण आजारी पडणे परवडणारे आहेत? दोन दिवस मजुरी बुडाली, सलाइन लागले, की तुझ्या पन्नास प्लेटींचा नफा एका माणसाच्या घरातून गेला. २०२४ च्या मे महिन्यात मुंबईत मानखुर्दला गाडीवरचा शोरमा खाऊन एकोणीस वर्षांचा मुलगा गेला आणि विकणाऱ्यांना अटक झाली. खाणारा काही धनाढ्य नव्हता आणि विकणारेही नव्हते. स्वस्त अन्न गरीब शिजवतो आणि गरीबच खातो. म्हणून 'गरिबाला परवडत नाही' हे वाक्य अर्धेच आहे. कोणत्या गरिबाला, हे विचारले की ते उलटते.

"अल्लाह मालिक है," तो शेवटी म्हणाला. त्यावर मी काही बोललो नाही. मालिक तोच आहे, म्हणूनच तर तपासनीस नसतानाही कुणीतरी बघत असते. हजरत उमर यांच्या काळातली दूधवालीच्या मुलीची गोष्ट लहानपणी आम्हाला मक्तबमध्ये सांगत. आई म्हणते, दुधात पाणी घाल, खलिफा कुठे बघतोय? मुलगी म्हणते, खलिफा नाही बघत, खलिफाचा रब तर बघतो. ही गोष्ट श्रद्धेची आहे, पण श्रद्धा नसणाऱ्यालाही तिचा अर्थ लागेल. कायद्याचा माणूस पिशोरच्या घाटापलीकडे येईल की नाही, यावर ज्याचा चांगुलपणा अवलंबून आहे, तो त्याचा चांगुलपणा नव्हेच.

त्या रात्री मी फॉर्म भरला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या हॉटेलच्या मागच्या शेडमध्ये गेलो. इतकी वर्षे मी तिथे पुढच्या बाकड्यावर बसून चहा पीत होतो, मागे कधी गेलो नव्हतो. टाकीला झाकण नव्हते. गोश्त आणि कोथिंबीर एकाच फळीवर, एकाच सुरीने कापली जात होती. भज्यांचे तेल काळे पडले होते. २०१८ च्या जुलैपासून अशा पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलावर मर्यादा आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. भांडी घासणाऱ्या पोराच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. यांतली कुठलीही गोष्ट लपवलेली नव्हती. सगळे उघड्यावर होते आणि तरीही कुणी पाहिलेले नव्हते, त्यानेसुद्धा.

आम्ही दोघांनी बसून हिशेब केला. टाकीचे झाकण, दोन वेगळ्या फळ्या, दोन सुऱ्या, साबण, जास्तीची फडकी. हे सगळे मिळून एका बाजाराच्या दिवसाच्या गल्ल्याइतकेही झाले नाही. अवघड होते ते एकच: उरलेली बिर्याणी फेकणे. अन्न फेकणे आपल्याकडे गुनाह मानतात, आणि ते खरेच आहे. त्यावर त्यानेच तोड काढली. बाजार नसेल त्या दिवशी तांदूळ दोन किलो कमी टाकायचा. संपली तर संपली, गिऱ्हाईक परत जाईल. उरली तर रात्री दहाच्या आत गरम असतानाच घरी न्यायची किंवा स्टँडवर कुणी उपाशी असेल त्याला ताजी असतानाच द्यायची. सकाळच्या वाफेची वाट बघायची नाही.

"आता करा टिक," तो म्हणाला.

मी मोबाइल त्याच्या हातात दिला. तो चौकोन त्याचा होता. मग मी त्याला बडे अब्बांच्या देगीची, फेसाची आणि माझ्या 'ठीक आहे'ची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. नंतर म्हणाला, "ती पोर कुठली होती, मामू?" मला गावाचे नाव आठवले नाही. तीस वर्षांत मी कधी चौकशीच केली नव्हती.

आता त्याच्या भिंतीवर ते प्रमाणपत्र आहे, गल्ल्याच्या वर, चौदा आकडी क्रमांकासह. फ्रिजही आला आहे. गिऱ्हाइकांपैकी कुणी ते प्रमाणपत्र वाचताना मला दिसले नाही. एखाद्या दिवशी हाताखालचा पोरगा तेल बदलायचे टाळतो, एखाद्या रात्री दोन किलोचा हिशेब चुकतो आणि भाच्याचा चेहरा कसनुसा होतो. मी गेलो की आधी मागच्या शेडमध्ये जातो आणि देगीचे झाकण उघडतो. त्याला ते आवडत नाही, हे मला कळते. पण आता मी बघून खरे काय ते सांगतो.